हंगामी ओलावा

"त्या तेरवणकर आंटींच्या बेडकानं नुसता वैताग आणलाय," गादीच्या पलीकडून आवाज आला.

गादीच्या अलीकडे खुद्द तेरवणकर आंटी उभ्या होत्या.

गादी सातव्या मजल्यावरच्या भोइट्यांची. डबल बेडची, कोरी, प्लॅस्टिकसकट. हमालांनी ती लिफ्टमध्ये उभी घातली आणि स्वतः जिना धरला. त्यामुळे लिफ्टचे सरळ दोन भाग झाले. आतल्या भागात तेरवणकर आंटी, म्हणजे वसुंधराबाई, आणि त्यांची कोथिंबीर. दाराकडच्या भागात तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण रीमा आणि तिचा फोन.

"अगं, उन्नतीनं चार दिवस बाथरूममध्ये बादली भरून ठेवलीय. बेडकाचं लग्न आहे म्हणे, त्याला जागा नाही. मी ओतायला गेले तर रडत म्हणते, मम्मी, तू पण बिल्डरच निघालीस! आठ वर्षांची पोरगी, बोल आता! आणि आंटींना तोंडावर सांगणार कसं? दर शनिवारी दोन तास सांभाळतात तिला. मला तेवढीच झोप मिळते यार."

तिसरा मजला आला. रीमा उतरली. वसुंधराबाईंनाही तिथंच उतरायचं होतं, पण दार गादीच्या पलीकडे होतं, आणि 'मी पण आहे हं' असं म्हणायची वेळ केव्हाच टळून गेली होती. ज्यानं स्वतःविषयीची चार वाक्यं गप्प ऐकून घेतली, त्यानं पाचव्याला खाकरणं सभ्यपणाचं दिसत नाही. त्या निमूट सातव्यापर्यंत गेल्या. भोइट्यांनी गादी बाहेर ओढली, तर मागून वहिनी निघाल्या.

"अरेच्चा! वहिनी, तुम्ही गादीबरोबर?"

"तिला सोबत म्हणून आले," असं म्हणून वसुंधराबाई चार मजले पायी उतरल्या.

खरं तर तक्रार करायचा रीमाला अधिकारच नव्हता. हे सगळं तिच्याच दारातून सुरू झालं होतं. एप्रिलमध्ये उन्नतीच्या शाळेनं सुट्टीचा प्रकल्प दिला: 'बालसाहित्यातून पर्यावरण जागृती. पाल्याने पालकांच्या मदतीने एक कथापुस्तिका तयार करावी.' रीमानं तो कागद वाचला, 'पालकांच्या मदतीने' या शब्दांशी थबकली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

"आंटी, तुम्हाला मराठी येतं ना?"

वसुंधराबाईंना मराठी येत होतं. दहावीनंतरचं शिक्षण राहिलं ते राहिलंच, पण वाण्याच्या पुडीच्या कागदापासून दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापर्यंत जे छापलेलं हाती येईल ते त्या वाचत आल्या होत्या. गेली चार वर्षं दर शनिवारी त्या सोसायटीच्या ऑफिसात पोरांना गोष्टी सांगत. पोरं वीस-बावीस, खुर्च्या सहा, पंखा एक. कोणी त्यांना लेखिका म्हटलं नव्हतं, पण म्हटलं असतं तर त्यांनी फार आढेवेढे घेतले नसते.

शाळेनं सोबत नमुना म्हणून दोन पुस्तिका दिल्या होत्या. दोन्हींत पहिल्या पानावर झाड हसत होतं, तिसऱ्यावर कुऱ्हाड येत होती, सहाव्यावर झाड रडत होतं आणि आठव्यावर सगळी मुलं शपथ घेत होती. वसुंधराबाईंनी त्या शनिवारी वाचून दाखवल्या. पोरांनी सवयीनं हात पुढे करून शपथ घेतली आणि त्याच हातांनी वेफर्सची पाकिटं फोडली. शपथा घेऊन घेऊन ती बिचारी निर्ढावली होती.

मग वसुंधराबाईंना कृष्णाबाई आठवली.

कृष्णाबाई गेटपाशी भाजीची टोपली घेऊन बसते. मूळची इथलीच, मागच्या गावातली. पलीकडे अजून तिची वालाची वाडी आहे. मेथी निवडता निवडता ती एकदा म्हणाली होती, "आमचं बावखल व्हतं ना ताय, त्यात पावसाला यवढाले बेडूक यायचे. पिवळेजर्द! हळद लागल्यावानी. कोनाला झोप म्हनून नाय, निसती वरात."

बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांतलं खोलगट तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, उन्हाळाभर केळी-मोगऱ्याला पुरायचं, शेजारच्या विहिरी गोड ठेवायचं.

"कुठं होतं हो हे तुमचं बावखल?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"व्हतं असंच, हितंच कुटंतरी. मेथी देऊ अजून? कवळी हाय."

हा प्रश्न वसुंधराबाईंनी एकूण सहा वेळा विचारला आणि सहा जुड्या मेथी घरी आणली. घरात ठेपले, पराठे आणि पातळ भाजी झाली. उत्तर मिळालं नाही. पण गोष्ट मिळाली.

गोष्ट अशी: नवरदेव फुगेराव बेडूक अंगाला हळद लावून, वऱ्हाड घेऊन लग्नाला निघतो. पणजोबांच्या काळापासून या घराण्याची लग्नं एकाच बावखलात लागत आलेली. ठिकाणी पोचून बघतो तर कार्यालय गायब! फरशी घातलेली, तिच्यावर पांढरे पट्टे मारलेले आणि एक स्कूटर उभी. फुगेराव स्कूटरच्या सीटवर चढून म्हणतो, "मॅनेजर कोण आहे इथला? आमचं आगाऊ बुकिंग होतं!" पोरं हसून लोळली. मग उन्नतीनं विचारलं, "काकू, मग लग्न कुठं लागलं?"

"ते पुढच्या शनिवारी," वसुंधराबाई म्हणाल्या, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. उन्नतीच्या बादलीचा उगम हा असा होता.

इथवर सगळं निर्धोक होतं. पण नवव्या पानावर वसुंधराबाईंनी एक वाक्य लिहिलं होतं: 'फुगेराव ज्या बिल्डिंगपाशी आला, तिचं नाव होतं सरोवर दर्शन.' पोरांना आपल्या बिल्डिंगचं नाव ऐकून गंमत वाटेल, एवढाच त्यात हेतू होता. निदान वसुंधराबाई स्वतःला तसं सांगत होत्या.

आता सरोवर दर्शनविषयी थोडं सांगायला हवं. विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्याला ही सात मजली बिल्डिंग चौदा वर्षं उभी आहे. नावात सरोवर आहे आणि दर्शन आहे. प्रत्यक्षात दोन्ही नाही. त्याचं कोणाला काही वाटत नाही. शेजारच्या 'हिमगिरी'त तरी कुठं बर्फ पडतो? मात्र जुलै-ऑगस्टमध्ये सरोवर दर्शनच्या पार्किंगमध्ये जे होतं, त्याला इथे एक खास शब्द आहे. त्याला 'हंगामी ओलावा' म्हणतात.

हा शब्द प्रल्हाद तेरवणकरांचा. प्रल्हादराव म्हणजे वसुंधराबाईंचे यजमान, फोर्टात विमा कंपनीत क्लेम खात्यात, आणि अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. 'ओलावा'त स्कूटरचं सायलेन्सर बुडतं, मांजरं बॉनेटवर राहायला जातात आणि दूधवाला पँट वर दुमडून येतो. पण नोटीस लागते ती अशी: 'हंगामी ओलाव्याच्या पार्श्वभूमीवर सर्व सभासदांनी आपली दुचाकी वाहने तात्पुरती उंचावर विराजमान करावीत.' पंपाला 'ओलावा निवारण संच' म्हणतात. एका घरात दोन लेखक असले की काय होतं ते बघा. बायको बेडकाला बोलायला लावते आणि नवरा पाण्याला गप्प करतो.

यामागे कारण होतं. सरोवर दर्शनमध्ये दर वर्षी कोणाचा ना कोणाचा फ्लॅट विकायला असतो. विकणारा बोलत नाही, कारण गिऱ्हाईक पळेल. राहणारा बोलत नाही, कारण उद्या त्यालाही विकायचा असेल. यंदा पाळी भोइट्यांची होती. त्यांनी चंदनसारला नवीन जागा घेतली होती. "तिकडं डोंगर जवळ आहे," एवढंच ते सांगत, म्हणजे ओलावा नाही हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. कोरी गादीही गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठीच आणली होती. स्वतः भोइटे जुन्या सतरंजीवर झोपत.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच: बी विंगच्या मागचा खड्डा मुरूम टाकून भरणे आणि तिथे जादा पार्किंग करणे. जागा सोसायटीचीच. खड्ड्यात मे संपत आला तरी पाणी होतं, कुमुदिनीची पानं होती, काठावर एक उंबर होता. पण म्हणायचा खड्डाच. कामणच्या बाजूनं सोमवारी सकाळी मुरमाचे डंपर येणार, हेसुद्धा ठरलं होतं.

"वसू," एका संध्याकाळी प्रल्हादराव ताटावर बसता बसता म्हणाले, "तुझ्या पुस्तिकेबाबत समितीच्या काही सूचना आहेत."

शंभर प्रती छापाव्यात आणि पाच जूनला, पर्यावरण दिनी, पार्किंगमध्ये पोरांसमोर वाचन करावं, असा अर्ज वसुंधराबाईंनीच दिला होता. इथे पार्किंगमध्ये सत्यनारायण घालायलाही अर्ज लागतो.

"तुम्ही समितीतर्फे बोलताय की जेवायला बसलाय?"

"दोन्ही."

"मग आधी जेवा. आमटी गार होईल; सूचना कुठं गार होतायत?"

सूचना एकूण अकरा निघाल्या. अध्यक्ष शत्रुघ्न राणे हे प्रल्हादरावांचेच ऑफिसातले निवृत्त साहेब. त्यांचं म्हणणं, नायक बेडूक नको, मोर घ्या. "मोरानं कोणाच्या भावना दुखावत नाहीत. शिवाय चित्रात भरतो." रीमाचं म्हणणं, थोडं इंग्लिश टाका, शाळेला आवडतं. भोइट्यांचं म्हणणं मात्र थेट होतं: सोसायटीचं नाव काढा, पार्किंग काढा, पाणी काढा.

"अहो, पोरांचं पुस्तक आहे ते," वसुंधराबाई त्यांना जिन्यात म्हणाल्या. "तुमचं गिऱ्हाईक कशाला वाचतंय?"

"गिऱ्हाइकाला पोरं असतात, वहिनी."

प्रल्हादरावांनी मधला मार्ग म्हणून पेन्सिलीनं जिथं 'पाणी' होतं तिथं 'ओलावा' घातला. 'फुगेरावाने ओलाव्यात सूर मारला' हे वाक्य वाचून वसुंधराबाई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या, आणि भांडी त्या दिवशी मावशींनी आधीच घासलेली होती.

शेवटी तडजोड झाली. बेडूक राहिला. पाणी राहिलं. नववं पान गेलं. आता फुगेराव 'दूर देशी, अज्ञात स्थळी' जाऊन पोचत होता. वसुंधराबाईंनी ते वाक्य लिहिलं तेव्हा त्यांच्या हाताला काही झालं नाही, पण बेडकाचा चेहरा पडल्यासारखा वाटला.

छपाईचं काम गोखिवऱ्याच्या स्टॅनीला दिलं. स्टॅनीचा तिथल्या गाळ्यात छोटा छापखाना आहे. मुख्य धंदा लोणच्या-पापडाच्या लेबलांचा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "बेडूक पुस्तकातला काढू, का आपल्या वसईचा?"

"म्हणजे?"

"पुस्तकातला हिरवा असतो. आपला पावसात पिवळा होतो. लिंबासारखा! लहानपणी आमच्या विहिरीवर यायचे ना."

वसुंधराबाईंना स्टॅनीला मिठी मारावीशी वाटली. त्याऐवजी त्यांनी त्याला पर्समधला आलेपाक दिला. पण पिवळा बेडूक समितीत आला तेव्हा राणे साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "याला कावीळ झालीय का?" आणि शंभरांपैकी ज्या चाळीस प्रती आल्या, त्यांच्या मागच्या कव्हरवर लोणच्याच्या लेबलातली एक ओळ उमटून आली होती: 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' स्टॅनी फोनवर म्हणाला, "सॉरी मॅडम, प्लेट राहिली. पण सल्ला चुकीचा नाय."

हे सगळं वसुंधराबाईंनी पचवलं असतं. पचलं नाही ते उन्नतीचं वागणं. तिनं पुस्तिका नवव्या पानापर्यंत वाचली, मिटली आणि परत दिली.

"काकू, हा आपला बेडूक नाहीये."

"का गं? तोच तर आहे. पिवळा आहे, फेटा आहे."

"आपला इथे आला होता. हा दुसरीकडेच गेलाय. तुम्ही खोटं का लिहिलं?"

वसुंधराबाईंनी मान फिरवली. "समितीनं सांगितलं, बाळा. मोठ्या माणसांच्या सभा असतात. ठराव असतात."

"मग बेडकानं काय करायचं?"

"काय करणार? अर्ज करायचा," वसुंधराबाई कडवटपणे म्हणाल्या. "वर 'मा. सेक्रेटरी' लिहायचं, मग विषय, मग 'महोदय', खाली सही आणि तक्रारपेटीत टाकायचं. इथे त्याशिवाय काही हलत नाही."

अकरा वर्षं सेक्रेटरीच्या घरात काढल्यावर हे सगळं तोंडपाठ होतं. आपण काय शिकवून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शपथ घेऊन निर्ढावलेल्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी उपयोगाचं काही सांगितलं होतं.

प्रल्हादराव दर गुरुवारी पेटी उघडत. त्यांचा नियम असा की पेटीतला प्रत्येक कागद आधी आवक नोंदवायचा, शिक्का मारायचा आणि घडी तशीच ठेवायची. वाचायचा तो सभेपुढे, उघडपणे. आधी वाचला तर मन कलुषित होतं, असं क्लेम खात्यानं त्यांना शिकवलं होतं. त्या गुरुवारी तीन कागद निघाले. तिसऱ्याच्या घडीवर फक्त 'हरकत' लिहिलेलं होतं. प्रल्हादरावांनी शिक्का मारला.

शनिवारी दुपारी वसुंधराबाई फ्रिजच्या गॅरंटीचा कागद शोधत होत्या. जुन्या फाइलीत तो नव्हता. फ्लॅट बुकिंगच्या वेळचं माहितीपत्रक होतं. 'सरोवर दर्शन: खिडकीत तुमच्या, जल निळे.' वर फोटो. मोठं, भरलेलं पाणी, कुमुदिनी, माडांच्या सावल्या. आणि उजव्या काठाला एक उंबर. वसुंधराबाई माहितीपत्रक घेऊन बी विंगच्या गॅलरीपर्यंत गेल्या. खाली खड्डा होता. खड्ड्याच्या काठाला तोच उंबर होता. फक्त जाड झाला होता, इथल्या सगळ्यांसारखा.

त्यांनी कागद उलटला. मागे प्रल्हादरावांचं टपोरं अक्षर, पेन्सिलीतलं. 'पाणी छान आहे. खंड्या दिसला. वसूला आवडेल.'

सोळा वर्षांपूर्वी बुकिंगला प्रल्हादराव एकटेच आले होते. वसुंधराबाई तेव्हा माहेरी, आजारी वडिलांपाशी. त्या प्रथम आल्या त्या थेट ताब्याच्या दिवशी, तोवर या बाजूला काँक्रीट होतं. परत घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली: कृष्णाबाईची मेथी, पार्किंगमधला ओलावा, आणि ऑफिसातल्या राणे-भोइट्यांना 'चला, पाणी तरी बघा' म्हणून आग्रहानं इथे घेऊन येणारा आपला नवरा.

"अहो," त्यांनी माहितीपत्रक टीपॉयवर ठेवलं. "हे तळं तुम्ही बघितलं होतंत?"

प्रल्हादरावांनी कागदाकडे बघितलं. उलटून मागची ओळ वाचली. बराच वेळ वाचली, तीन वाक्यांना लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

"चहा टाकतेस?" ते म्हणाले.

वसुंधराबाईंनी चहा टाकला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की कुठल्या प्रश्नाला चहा द्यायचा ते कळतं.

रविवारी साडेदहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. उपस्थिती चांगली होती, कारण सभेनंतर बटाटेवडे होते. भोइटे सारखे घड्याळ बघत होते. अकराला गिऱ्हाईक येणार होतं. पोरं मागे मोटारसायकलींवर ओळीनं बसली होती. एरवी सभेला न फिरकणारी पोरं आज का आली, हे कोणालाच कळलं नाही. कृष्णाबाई गेटपाशी टोपली घेऊन होतीच.

"ठरावापूर्वी," प्रल्हादराव उभे राहून म्हणाले, "आलेली एक लेखी हरकत नियमाप्रमाणे वाचून दाखवतो." त्यांनी घडी उघडली आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली.

"मा. सेक्रेटरी साहेब. विषय: माझ्या लग्नाची जागा बुजवू नये याबाबत. महोदय, मी फुगेराव बेडूक. राहणार मागचा खड्डा."

इथे प्रल्हादराव थांबतील असं सगळ्यांना वाटलं. पण आवक नंबर पडलेला कागद त्यांनी आयुष्यात कधी अर्धवट सोडला नव्हता.

"माझे पणजोबा पण तिथेच राहायचे. आधी आमचे घर मोठे होते. आता अर्धेच राहिले आहे. त्याच्यात मुरूम टाकणार असे वॉचमन काकांनी सांगितले. आमचे लग्न पावसात आहे. बादलीत मावत नाही, करून बघितले. तरी अर्धे तरी राहू द्या ही विनंती. आपला विश्वासू, फुगेराव. ता. क. मी कोणाच्याही गाडीवर बसणार नाही."

एक माणूस हसला. मग ताठ बसला.

"वहिनी," भोइटे वळून म्हणाले, "हे बरं नाही केलंत."

"मी नाही लिहिलं," वसुंधराबाईंचा आवाज चढला. "मी लिहिलं असतं तर 'करून बघितले' मला सुचलं नसतं. एवढं चांगलं मला अजून येत नाही!" हे म्हणताना त्यांना राग आला होताच, पण थोडा मत्सरही वाटत होता.

राणे साहेबांनी टेबलावर पेन वाजवलं. "मुद्द्यावर या. हरकतदार सभासद आहे का?"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

"भाडेकरू?"

"नोंद नाही."

"मग हरकत बाद. बाहेरच्याची हरकत आपण घेत नाही."

"बाहेरचा नाहीये तो!" मागून मोटारसायकलीवरून उन्नतीचा आवाज आला. "तो इथलाच आहे!"

"ए, गप," रीमा म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सहा दिवसांची ती बादली अजून बाथरूममध्येच होती. ओतायचं धाडस तिनं केलं नव्हतं.

भोइट्यांनी खुर्चीखालून पुस्तिका काढली. "हे बघा, वहिनींचंच पुस्तक. पान नऊ. दूर देशी, अज्ञात स्थळी. छापील आहे. म्हणजे बेडूक इथला नाहीच! विषय संपला."

आपलीच ओळ कोणी आपल्यावर अशी उगारेल, हे वसुंधराबाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी मागे बघितलं. मोटारसायकलींवरून बावीस पोरं त्यांच्याकडे बघत होती. शनिवारी गोष्ट अडली की बघत तशीच, पुढचं त्यांनाच माहीत असणार अशा खात्रीनं.

त्या उठल्या. "पान नऊ खोटं आहे."

"म्हणजे?" राणे साहेब म्हणाले.

"म्हणजे मी खोटं लिहिलं. सूचना अकरा होत्या, पण हात माझा होता. अर्ज बेडकाचा असेल, बेडूक माझा आहे. पाच जूनला वाचन झालं तर खरं पान वाचीन, नाहीतर वाचणार नाही."

"मग खरं काय ते सांगा ना."

माहितीपत्रक वसुंधराबाईंच्या पिशवीत होतं. हात पिशवीकडे गेलासुद्धा. पण मागची ती पेन्सिलीतली ओळ भरसभेत फिरवायची नव्हती. "मी बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी बघितलंय, त्यांनी सांगावं." आणि त्या खाली बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कृष्णाबाईकडेही नाही, पण गेटपाशी तिनं मेथी निवडायची थांबवली होती.

नेमकं त्याच वेळी भोइट्यांचं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि कडेवर पोर. भोइटे धावले. "या, या! लिफ्टनं वर चला. सातवा मजला, हवेशीर, सगळं सेट आहे!"

पण बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या पार्किंगच्या खांबाकडे बघत होत्या, जिथे गुडघ्याच्या उंचीवर चौदा वर्षांची एक तपकिरी रेघ होती. दर दिवाळीला सोसायटी तिच्यावर रंग मारते, आणि दर होळीपर्यंत ती रंगाखालून परत येते.

"इथे पावसात पाणी भरतं का हो?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

अख्खी सभा प्रल्हादरावांकडे वळली. नोटिशी लिहिणारा माणूस तोच.

प्रल्हादरावांनी घसा साफ केला. "हंगामी..." ते म्हणाले, आणि थांबले. हातातल्या कागदाकडे बघितलं. मग आवक-जावकची वही मिटून खुर्चीवर ठेवली, त्यावर पेन ठेवलं.

"भरतं," ते म्हणाले. "गुडघ्याएवढं. जुलैत दोनदा, ऑगस्टमध्ये एकदा तरी."

भोइटे खाली बसले. खुर्चीवरच बसले, हे नशीब.

पाहुण्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "सात बिल्डिंगा बघितल्या आपण. सांगणारी ही पहिलीच." आणि त्यांनी पोराला कडेवरून उतरवून एक रिकामी खुर्ची ओढली. जाणारं माणूस खुर्ची ओढत नाही, हे भोइट्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"ते ठीक आहे," राणे साहेब चिकाटीनं म्हणाले. अध्यक्ष असे सहजासहजी वाहून जात नाहीत. "पण हरकतीचा मुद्दा राहतोच, तेरवणकर. हरकतदार इथला की बाहेरचा? नोंद काय करायची?"

"डंपरवाल्याला मी सकाळीच येऊ नको म्हणून फोन केलाय," प्रल्हादराव म्हणाले. "मला तसा अधिकार नाही. कोणाची हरकत असल्यास लेखी द्यावी."

वसुंधराबाईंनी झटकन वर बघितलं. सकाळी हा माणूस गॅलरीत जाऊन कोणाशी बोलत होता, ते आत्ता कळलं. त्यांना वाटलं होतं, वडेवाला.

"आणि नोंद?"

प्रल्हादराव पार्किंगच्या मधोमध आले. त्यांचा ठेवणीतला आवाज कुठं गेला कोण जाणे. उरला होता तो घरातला, जेवताना मीठ मागायचा.

"साहेब, तुम्हाला आणि भोइट्यांना मीच इथे आणलं. पाणी बघा म्हणालो होतो. तुम्ही आलात तोवर भराव सुरू झाला होता, तुम्ही विचारलंत, मी म्हणालो, काम संपलं की दिसेल. मला तेव्हाच कळलं होतं. लाज वाटली. मग दर पावसाळ्यात एकेक शब्द शोधत गेलो." त्यांनी त्या तपकिरी रेघेच्या खांबावर हात ठेवला. "इथे बावखल होतं. या कृष्णाबाईंच्या घरचं. हा खांब आहे ना, इथे वाकलेला माड होता, त्याच्यावर खंड्या बसला होता. मागे उरलंय ते त्याचंच अर्धं. तेही बुजवलं, तर पाणी आपल्याकडेच येणार. त्याला दुसरं घर माहीत नाही."

गेटपाशी कृष्णाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मग त्याच पदरानं मेथीवरचं पाणी झटकलं.

प्रल्हादरावांनी एकदा मोटारसायकलींवरच्या रांगेकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"लिहून घ्या, साहेब. बेडूक इथलाच आहे. नंतर आलो ते आपण."